चार नंबरची बाटली

कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ते फक्त हजेरीपटालाच ठाऊक. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून वरच्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना बाटलीताई म्हणत. बावीस वर्षं रोज सकाळी सव्वासातला ही बाई सहा रिकाम्या बाटल्यांचा क्रेट उचलून कारखान्याच्या मागच्या अंगाला चालू लागे आणि साडेआठला सहाही बाटल्या भरून परत येई. नवा आलेला एखादा कामगार पहिल्या दिवशी त्या बाटल्यांवरून विनोद करी. ताई तिथेच उभ्या राहून त्याच्याकडे अशा काही बघत, की दुसऱ्या दिवशी तो आपणहून दार उघडून धरी.

कारखाना नळांचा. साधे नळ धातू विरघळवलेल्या पाण्याच्या टाक्यांत बुडवायचे आणि तोंड दिसेल इतके चकचकीत करून बाहेर काढायचे. त्या टाक्यांचं आणि धुण्याचं पाणी साफ करून मागच्या नाल्यात सोडत. नाला ओढ्याला मिळे आणि ओढा वळण घेई तिथे ताईंची वस्ती होती. आता गंमत बघा, नळ बनवणाऱ्या कारखान्याच्या पाठीशी असलेल्या या वस्तीत एकाही घरात नळ नव्हता. सगळी गल्ली ओढ्याकाठच्या एकाच हातपंपावर. याचं कुणाला हसू येत नसे, कारण सवय झाली की माणूस कशावरही हसायचा थांबतो.

ताईंचं काम दिसायला पोरखेळ. पाणी भरायचं, बस. पण प्रयोगशाळेच्या साहेबांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ताईंना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: बाटली ज्या पाण्याने भरायची, त्याच पाण्याने आधी तीन वेळा खळखळून धुवायची. दोनदा नाही, तीनदा. मग काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. आणि चिठ्ठीवर जागेचा नंबर पेन्सिलीनेच लिहायचा, शाई ओल्या हाताने फिसकटते. ताईंनी हे इतकं अंगी बाणवलं होतं, की घरी साधा पेला घेतला तरी तीनदा विसळल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. मुलगी लहानपणी चिडवायची, "आई, चौथ्यांदा विसळलंस तर काय पेल्याला शिंग फुटेल?"

सहा जागांपैकी महत्त्वाची जागा चार नंबरची. तिथे नाला कारखान्याच्या भिंतीखालून बाहेर पडे. आत काय चाललंय ते आतल्यांना ठाऊक, पण बाहेर जगाला काय जातंय ते चार नंबरच्या बाटलीला ठाऊक. मास्तर म्हणत, "बाकीच्या पाच बाटल्या माझ्यासाठी आणि ही लोकांसाठी." हे वाक्य ताईंनी जपून ठेवलं होतं.

पाच वर्षांपूर्वी कंपनीने वचन दिलं. अंगणात मांडव घातला, सगळ्यांना हिरव्या टोप्या वाटल्या, आणि शहरातून आलेल्या एका हुशार बाईंनी, ज्यांना त्याच दिवसापासून हिरव्या मॅडम हे नाव चिकटलं, माइकवरून सांगितलं की पाच वर्षांत नाल्यातून जाणारा धातू निम्म्यावर आणू. टाळ्या पडल्या. ताईंनी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या. मग जाहिरातीसाठी कुणाचा फोटो, असा प्रश्न निघाला आणि मास्तरांनी ताईंना पुढे केलं. स्वच्छ बाटली उजेडात धरलेल्या ताई, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आमचं वचन: पाच वर्षांत निम्मं'. कंपनीने वस्तीतल्या हातपंपाभोवती ओटा बांधून दिला आणि ओट्याच्या भिंतीवर हाच फोटो पत्र्यावर छापून लावला. ताई रोज स्वतःच्याच तोंडासमोर कळशी भरू लागल्या. सुरुवातीला लाज वाटली, मग खरं सांगायचं तर बरं वाटू लागलं.

तेव्हापासून गल्लीत एक रीतच पडली. पंपावर ताई दिसल्या की कुणीतरी विचारणारच, "काय ताई, कसंय पाणी?" आणि ताई म्हणत, "ठीक आहे." गल्लीने पाण्याची काळजी त्या दोन शब्दांवर सोपवून टाकली होती. समोरच्या घरातली शिंपीणबाई, पाच वर्षांच्या जुळ्या मुलींची आई, तर म्हणे, "आमच्या ताईंनी ठीक म्हटलं की मी डोळे मिटून पिते." हातपंपाचं पाणी मात्र कधी कुणी तपासलं नव्हतं. ताईंनी एकदा मास्तरांना विचारलंही होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पंप आपल्या हद्दीत येत नाही, ताई." नाल्याचे आकडे तेव्हा बरे होते. ताईंनी विषय सोडला.

पहिली दोन वर्षं आकडा थोडा उतरला. तिसऱ्या वर्षी नळांची मागणी दुप्पट झाली, टाक्या वाढल्या, आणि पाणी साफ करायचं यंत्र होतं तेवढंच राहिलं. नव्या यंत्राचा कागद वर गेला आणि वरच राहिला. चौथ्या वर्षी चार नंबरच्या पाण्याला उन्हात धरलं की पिवळसर झाक दिसू लागली. प्रयोगशाळेत तपासणीचं काम करणारी चष्मेवाली मुलगी आकडा लिहिताना पूर्वी मोठ्याने बोलायची, ती आता मुकाट्याने लिहू लागली.

पाचवं वर्ष संपलं आणि वचन काही पुरं झालं नाही. निम्मं सोडाच, आकडा मूळच्या दीडपट होता. ताईंना वाटलं, आता वरचे लोक आकाशपाताळ एक करणार, कुणाची तरी खरडपट्टी निघणार. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. सगळे एकदम गोड बोलायला लागले, आणि तेच ताईंना खटकलं. ओरडणाऱ्या माणसाला निदान काहीतरी झाल्याचं मान्य असतं.

बैठक झाली, चहा-बिस्किटं आली. हिरव्या मॅडमनी पडद्यावर एक उतरती रेघ दाखवली. रेघ खाली कशी काय येते, हे ताईंना कळेना. मग लक्षात आलं, धातू आता एकूण मोजायचा नव्हता, दर हजार नळांमागे मोजायचा होता. नळ दुप्पट झाले, तेव्हा रेघ आपोआप खाली आली. शिवाय पाच वर्षांपूर्वीचं वर्ष 'नेहमीसारखं नव्हतं', म्हणून तुलना दुसऱ्याच एका वाईट वर्षाशी करायची ठरली. आणि 'वचन' हा शब्द आता वापरायचा नाही, 'आपला प्रवास' म्हणायचं.

"मग निम्मं कधी होणार?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"चांगला प्रश्न आहे," हिरव्या मॅडम म्हणाल्या आणि पुढचं चित्र लावलं.

चार दिवसांनी पंपावरच्या पत्र्यावरचं 'पाच वर्षांत निम्मं' झाकलं गेलं. त्याच्यावर एक मोठं हिरवं पान चिकटवलं. ताईंचा फोटो तसाच ठेवला.

मग मास्तरांनी ताईंना बोलावलं. समोर कारखान्याचा नकाशा होता. त्यांनी पेन्सिलीने चारचा आकडा खोडला आणि दीडशे पावलं अलीकडे, आतल्या आवारात, पुन्हा लिहिला. तिथे यंत्रं थंड करायचं स्वच्छ पाणी एका वेगळ्या चरातून वाहत असे.

"उद्यापासून चार नंबर इथे," मास्तर म्हणाले.

"साहेब, पण इथे तर नुसतं थंड करायचं पाणी."

"जागा बदलायची पद्धत असते, ताई. वरून ठरलंय."

"आणि जुन्या जागेला काय म्हणायचं?"

मास्तरांनी खोडलेल्या आकड्यावर पुन्हा एकदा पेन्सिल फिरवली. "जुन्या जागेला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले.

ताईंना निवृत्तीला तीन वर्षं होती. नवरा कधीच गेलेला. दुसऱ्या दिवसापासून त्या नव्या जागेवर जाऊन तीनदा धुऊन स्वच्छ पाणी भरू लागल्या आणि चिठ्ठीवर चार लिहू लागल्या. आकडे असे सुंदर येऊ लागले, की मोठ्या साहेबांनी प्रयोगशाळेला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. ताई मनाशी म्हणत, आपण काय, हमाल. सांगतील तिथलं भरायचं. ही समजूत दिवसा टिकायची. पंपावर "कसंय पाणी?" म्हणून कुणी विचारलं, की 'ठीक आहे' म्हणताना जीभ जरा अडखळायची, पण म्हणायची.

अशातच मुलीचा फोन आला. जावई वर्षभरासाठी जहाजावर कामाला निघाला होता आणि ती तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन आईकडे राहायला येणार होती. ताईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पाळण्याला दोर नवा लावायचा, खिडकीला जाळी बसवायची. बाळ वरच्या दुधावर, म्हणजे बाटल्या उकळायला वेगळं पातेलं हवं. हाच हिशेब डोक्यात घोळवत ताई एका सकाळी क्रेट घेऊन निघाल्या. डोकं घरी आणि पाय कामावर. आणि पायांना नवा नकाशा कुणी दाखवला होता? बावीस वर्षांच्या सवयीने ते सरळ भिंतीपलीकडे जुन्या जागेवर गेले. ताई खाली बसल्या, तीनदा खळखळून धुतलं, काठोकाठ भरलं, पेन्सिलीने चार लिहिलं आणि परत आल्या. चूक झाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

दुपारी चष्मेवालीने यंत्र दोनदा बंद करून चालू केलं. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला, तेव्हा ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी ताईंना बोलावून दार लावलं. ताईंनी आकडा दोनदा वाचला. चौथ्या वर्षी ज्या आकड्याला चष्मेवाली गप्प झाली होती, त्याच्या सातपट. महिनोन्‌महिने कुणी बघत नाही म्हटल्यावर आतल्या लोकांनी साफ करायचं यंत्र चालवणंच सोडून दिलं होतं.

"तुम्ही कुठून भरलंत?"

"सवयीने गेले, साहेब. जुन्या..."

"थांबा." मास्तरांनी हात वर केला. "मला ते ऐकायचं नाही. ऐकलं तर मला लिहावं लागेल." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "बाटली नीट धुतली नव्हती, असं लिहून सही करा. एक आकडा रद्द होईल. तुम्हाला काही होणार नाही, माझा शब्द."

बावीस वर्षांत त्यांच्या धुतलेल्या बाटलीबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. ताईंनी पेन हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. चोरीचा आळ घेतला असता तरी इतकं लागलं नसतं. "साहेब, तीनदा धुतली होती," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. ते त्यांच्याकडे बघत नव्हते. ताईंनी सही केली. ही सही शाईची होती.

दुसऱ्या दिवशी क्रेटमध्ये सातवी बाटली होती, बिनचिठ्ठीची. ती ताईंनी पहाटे हातपंपावर भरली होती. चष्मेवालीने जेवणाच्या सुट्टीत ती गुपचूप यंत्राला लावली. आकडा तिने लिहिला नाही. बाटली मोरीत ओतली, नळ सोडला आणि हलक्या आवाजात विचारलं, "ताई, हे पाणी तुम्ही पीत नाही ना?"

"उकळून घेतलं तर?"

"उकळून जंतू मरतात. धातू कुठे मरतो? पाणी आटलं की उलट दाट होतो." मग ती घाबरून म्हणाली, "मी काही बोलले नाही हं."

त्याच संध्याकाळपासून ताई कारखान्याच्या कँटीनमधून पाण्याचा कॅन घरी नेऊ लागल्या. कारखान्यात पिण्याचं पाणी बाहेरून टँकरने येई. ते तसं का येतं, हे इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मुलगी आली, बाळ आलं. गोल चेहऱ्याची, सारखी हात नाचवणारी नात. तिला मांडीवर घेतलं की ताईंना जगाचा विसर पडे. बाळाचं दूध कॅनच्या पाण्यातच करायचं, अशी त्यांनी मुलीला ताकीद दिली.

"का गं? पंपाच्या पाण्यावर तर मी वाढले."

"लहान जिवाला पाणी बदललं की सोसत नाही. सांगते तेवढं कर."

खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. जागा, सही, सगळं. आणि मुलीला सांगितलं की गल्लीला कळणार, गल्लीला कळलं की कारखान्याला. तीन वर्षं, ताई मनात म्हणत. तीन वर्षं निभावली की सुटलो. ताई कॅन पिशवीत झाकून आणत, मागच्या दाराने. पंपावर जाणंही टाळत, पण अजिबात न जावं तर लोक विचारणार, म्हणून दिवसाआड जाऊन एक कळशी भरत आणि घरी फरशी पुसायला वापरत.

"कसंय पाणी, ताई?" शिंपीणबाई विचारी. तिच्या जुळ्या मुली ओंजळी धरून पंपाखाली उभ्या असत. एकीच्या कोपराला दोन महिने झाले तरी न जाणारा लाल चट्टा होता. शिंपीणबाई त्याला खोबरेल लावी.

"ठीक आहे," ताई म्हणत आणि पत्र्यावरच्या आपल्याच फोटोकडे पाठ करून कळशी उचलत. मला विचाराल तर ताई वाईट नव्हत्या. पण चांगल्या माणसाने गप्प बसायचं ठरवलं की तो फार नीट गप्प बसतो, हे मात्र खरं.

असे दहा आठवडे गेले. एक दिवस कँटीनचा टँकर आला नाही. ताई रिकाम्या हाताने, घाईघाईने घरी आल्या. वाटेत एकच विचार होता, घरातला कॅन पुरला असेल ना. आत येऊन बघतात तो कॅन कोपऱ्यात अर्धाअधिक भरलेला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांचं लक्ष गेलं, काल रात्रीपासून पाण्याची पातळी हललीच नव्हती.

"हे वापरलं नाहीस?"

मुलगी बाळाला थोपटत होती. "अगं, त्या कॅनला प्लास्टिकचा वास येतो. बाळ तोंडच फिरवायचं, दूध घेईना. शिंपीणकाकू म्हणाल्या, वेडी आहेस का, मी देते पाणी. बिचाऱ्या रोज सकाळी वीस मिनिटं उकळून, फडक्याने गाळून तांब्या आणून देतात. एक दिवस चुकवलं नाही त्यांनी."

"कधीपासून?"

"आले त्या आठवड्यापासूनच. तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही, कॅनचं पाणी भांड्यांना वापरत होते." मुलगी हसली. "मी विचारलं होतं गं त्यांना, पाणी चांगलं आहे ना म्हणून. त्या म्हणाल्या, तुझ्या आईलाच विचार की, तिनेच तर सांगितलंय ठीक आहे."

फळीवर दुधाची बाटली पालथी घातलेली होती, ती ताईंनी उचलली. कॅनचं पाणी घेऊन धुतली. पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा धुतली आणि हात थांबेना. चौथ्यांदा, पाचव्यांदा, सहाव्यांदा. मुलगी बघत राहिली. बाळाच्या मानेवर, घडीत, एक लालसर डाग होता. तो घामोळ्याचाही असेल. ताईंनी तो आज सकाळीही बघितला होता आणि पावडर लावली होती.

"आई, काय झालं?"

ताई बाटली हातात तशीच घेऊन बाहेर पडल्या. गल्ली ओलांडायला वीस पावलं. शिंपीणबाईच्या घरातून शिलाई यंत्राचा आवाज येत होता. उंबऱ्याजवळ, उद्याच्या सकाळसाठी, पाण्याचं पातेलं फडक्याने झाकून ठेवलेलं होतं. फडकं पांढरंशुभ्र, नवं, मुद्दाम बाळाच्या पाण्यासाठी शिवलेलं.

शिंपीणबाईने मान वर केली आणि त्यांच्या हातातली बाटली बघून हसली. "काय ताई, आता माझ्या घरचं पाणी तपासायला आलात? बघा बघा. कसंय?"

ताईंच्या ओठांवर ते दोन शब्द पाच वर्षांच्या सवयीने आले. पाय जुन्या जागी गेले होते, तसेच. त्यांनी ते गिळले. दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "पाणी ठीक नाही. मला दहा आठवडे माहीत आहे. मी घरी दुसरं पाणी आणत होते आणि तुम्हाला ठीक आहे म्हणत होते."

यंत्राचं चाक आपल्याच वेगाने थोडं फिरलं आणि थांबलं. शिंपीणबाईचा हात कापडावर तसाच राहिला. ती ताईंकडे बघत होती. मग तिने पातेल्याकडे बघितलं, मग पलीकडच्या दारात बाळाला घेऊन उभ्या असलेल्या ताईंच्या मुलीकडे.

आतल्या खोलीतून जुळ्यांपैकी एकीने हाक मारली, "आई, पाणी दे ना."

शिंपीणबाई उठली नाही. पोरीने पुन्हा हाक मारली.